ऊन पाण्यावर नांगर

आमचं वर्कशॉप जळगावात, डाळ मिलच्या मागच्या गल्लीत. वडिलांनी ते रेडिएटर दुरुस्तीचं दुकान म्हणून सुरू केलं होतं. पुढे जनरेटरची कामं येऊ लागली आणि डिप्लोमा झाल्यावर मीही तिथेच बसले. मिलचे जनरेटर, मंगल कार्यालयांचे, सावद्याकडच्या केळी पिकवायच्या खोल्यांचे. उन्हाळा लागला की सगळ्यांची तक्रार एकच असते, गरम होतो आणि बंद पडतो. त्यामुळे एक दिवस फोनवर कुणीतरी हीच तक्रार सांगितली तेव्हा मी सवयीने पत्ता विचारला. ते म्हणाले, बोटीवर आहे. मी पुन्हा विचारलं. आमच्या जळगावात बोट म्हटल्यावर माणसाला हाताचं बोटच आठवतं.

फोन करणारे एका खाजगी कंपनीचे इंजिनिअर होते. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या हद्दीवर, सातपुड्याच्या पायथ्याशी एक धरण आहे. त्याच्या तळाला किती गाळ साचलाय ते मोजायचं काम त्यांच्याकडे होतं. बोटीत बसवलेलं यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळावर आपटून परत येतो आणि पडद्यावर तळाची रेघ उमटते. बोट चालवायला दोन डिझेल इंजिनं आणि यंत्रांना वीज द्यायला मधोमध एक जनरेटर. इंजिनिअर वयाने माझ्याहून लहान होते, पण मी त्यांना साहेब म्हणायचे आणि ते मला मॅडम.

मी बोटीवरचं काम कधी केलेलं नव्हतं. वडील म्हणाले, पाण्यात उभं असलेलं मशीन गरम होतं तरी कसं, जाऊन बघ. मी जुनी व्हॅन काढली आणि चोपड्याच्या रस्त्याला लागले.

मार्च महिना होता. धरणाचं पाणी बरंच खाली गेलं होतं आणि काठाला वाळलेल्या गाळाच्या भेगाळ पायऱ्या पडल्या होत्या. बोट पांढरी, फायबरची, बैलगाडीपेक्षा थोडीच रुंद. तिच्यावर साहेब होते आणि एक नावाडी. साठी ओलांडलेला, बारीक अंगाचा, डोक्याला उपरणं गुंडाळलेला माणूस. धरणाच्या नव्या वसाहतीत राहायचा, मासेमारी करायचा, आणि कंपनीने त्याला बोट चालवायला ठेवलं होतं. सगळे त्याला आबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

बोटीच्या मशीनला रेडिएटर नसतो, एवढाच काय तो फरक. मशीनमध्ये स्वतःचं कूलंट फिरत असतं. त्याला थंड करायला बोटीच्या तळातल्या भोकातून बाहेरचं पाणी ओढून घेतात. ते आधी एका जाळीतून जातं, म्हणजे शेवाळ-काडीकचरा अडकून राहतो. मग रबरी पंखा असलेला पंप ते एका पितळी नळकांड्यात ढकलतो. नळकांड्यात बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आत धरणाचं पाणी, बाहेरून मशीनचं गरम कूलंट. कूलंटची उष्णता धरणाचं पाणी घेऊन जातं आणि धुराबरोबर मागच्या पाइपातून बाहेर पडतं. दोन इंजिनांना असं एकेक नळकांडं होतं, जनरेटरला वेगळं.

मी जाळी उघडली, स्वच्छ होती. रबरी पंख्याच्या पाकळ्या शाबूत होत्या. पट्टा नीट ताणलेला, कूलंट भरलेलं. काठाला बांधलेल्या बोटीतच जनरेटर सुरू केला आणि त्याच्यावर पूर्ण भार टाकून बसून राहिले. डबा खाऊन झाला, चहा झाला. मीटरचा काटा जिथे असायला हवा तिथे स्वस्थ उभा होता. साहेब थोडे ओशाळले. म्हणाले, रोज बंद पडतो हो, आजच नाही.

आबा मागे बसून दोर गुंडाळत होते. ते साहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाले, "आठे ते बंद पडस नही ताई. तठे उभं राहिनं का पडस."

त्यांनी हाताने पाण्याच्या मधल्या भागाकडे दाखवलं. तिथे पाण्यातून एक बोडकी टेकडी वर आली होती. तिच्या अलीकडे काहीच नव्हतं, नुसतं पाणी.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिथे गेलो. साहेबांनी मला सांगितलं की त्याच जागी त्यांना बराच वेळ थांबावं लागतं, कारण बाकी सगळीकडे तळाची रेघ सरळ येते आणि इथे येत नाही. पडद्यावर मी ते पाहिलं. सगळीकडून आलेली जाड रेघ त्या जागी पातळ व्हायची, वर यायची, खाली जायची, पुन्हा वर. झोपलेल्या माणसाच्या छातीवर पांघरूण हलतं तशी. साहेब म्हणाले, तळातून हवेचे बुडबुडे येत असतील, गाळात कुजलेलं झाडपान असतं. ते बरोबरच असणार. पण मी पडद्याकडे फार वेळ बघू शकले नाही.

नांगर टाकला. दोन्ही इंजिनं बंद करून फक्त जनरेटर सुरू ठेवला. भर दुपार होती, वाऱ्याचं नाव नव्हतं आणि नांगराचा दोर पाण्यात सरळ खाली लोंबत होता. काठावर पाणकावळे होते, बगळे होते. इथे एकही पक्षी नव्हता. सगळ्या धरणात मासेमारांच्या जाळ्यांना बांधलेले थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसायचे, तेही टेकडीच्या पलीकडेच थांबलेले.

काटा चढायला लागला. एकदम नाही, सावकाश, कुणीतरी बोटाने ढकलावा तसा. मी जाळीवर हात ठेवला, पंपावर ठेवला, नळकांड्यावर ठेवला. मागच्या पाइपातून पाणी व्यवस्थित पडत होतं. तरी काटा लाल पट्टीत गेला, भोंगा वाजला आणि जनरेटर आपोआप बंद झाला.

जाळी उघडली तर तिच्यात दोरे होते. शेवाळ नव्हे, दोरे. लालसर, हिरवे, एकात एक गुंतलेले, आणि एका बाजूला बोटभर पट्टी, काठ असावा तशी. मी ते पाण्यात टाकायला गेले तर आबांनी हात पुढे केला आणि ते माझ्याकडून घेतले. उपरण्याच्या टोकात बांधून ठेवले. मी म्हटलं, गाळ आहे आबा, टाकून द्या.

"गाळ नही शे ताई," ते म्हणाले. "लुगडं शे."

पुढचे काही आठवडे मी एकेक गोष्ट बदलत गेले. धुळ्याला आग्रा रोडवरच्या दुकानांतून होजपाइप आणि गॅस्केट आणली. रबरी पंखा मुंबईहून मागवला. थर्मोस्टॅट बदलला, मीटरचा सेन्सर बदलला. नळकांडं उतरवून वर्कशॉपमध्ये आणलं तेव्हा वडिलांनी आत टॉर्च मारून बघितलं आणि मला हाक मारली. नळ्यांच्या आत पांढरा कडक थर बसला होता, चुन्यासारखा, काही नळ्या जवळजवळ बुजल्या होत्या. इंजिनांच्या नळकांड्यांत असं काहीच नव्हतं. तिन्ही नळकांडी तर एकाच धरणाचं पाणी पीत होती. वडील म्हणाले, हे वर्षानुवर्षं उकळत्या पाण्यात राहिलेल्या भांड्यासारखं आहे. बोट तिथे येऊन तर थोडेच दिवस झाले होते. आम्ही नळ्यांतून सळई घातली, ॲसिड फिरवलं, नळकांडं लख्ख केलं आणि परत बसवलं. काठाला उत्तम चाललं. टेकडीपाशी पुन्हा बंद पडलं.

त्या दिवशी मी वैतागून बोटीच्या कडेला पालथी झोपले आणि पाइपातून पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला. चटका बसला. हात निववायला म्हणून तो धरणाच्या पाण्यात बुडवला, आणि ते पाणीही ऊन होतं. उन्हाने वरचं पाणी कोमट होतं तसं नाही. वरचा थर त्यामानाने थंडच होता. कोपरापर्यंत हात खाली घातला तेव्हा खालून ऊन पाणी येऊन हाताला लागलं, मग गेलं, मग पुन्हा आलं. पडद्यावरच्या रेघेसारखं. मी हात पटकन काढून घेतला.

आबा माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, "खाले कुंड शे. ऊन पानीनं. आमना गावनं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. धरण व्हायच्या आधी टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला गरम पाण्याचं कुंड. सातपुड्याच्या पायथ्याला असे झरे आमच्याकडे नवे नाहीत, काही ठिकाणी यात्राही भरतात. या कुंडात अंगाला खरूज-नायटा झालेली माणसं लांबून अंघोळीला यायची. अंघोळ झाली की अंगावरचं जुनं कापड तिथेच सोडून नव्या कापडात घरी जायचं, मागे वळून बघायचं नाही. बायकांची लुगडी, पोरांच्या कुडत्या, सगळं कुंडाच्या काठाच्या झाडांना लटकलेलं असायचं. कुणी ते उचलत नसे. ते आजार होते, उचलणार कोण. पाणी आलं तेव्हा झाडंही गेली आणि कापडंही.

साहेबांना हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. गरम झरा, त्याचे बुडबुडे, त्याचा क्षार. जनरेटर का तापतो, रेघ का हलते, नळ्या का बुजतात, सगळ्याला एकच कारण. मलाही सुटल्यासारखं वाटलं. पाणी खाली गेल्यामुळे बोट झऱ्याच्या अगदी डोक्यावर उभी राहत होती आणि आम्ही तेच पाणी मशीनला पाजत होतो. फक्त सुती लुगड्याचा काठ इतकी वर्षं पाण्याखाली कुजल्याशिवाय कसा राहतो, ते मी विचारलं नाही.

साहेबांना मात्र त्या जागेचं माप हवंच होतं, आणि त्यासाठी जनरेटर निदान अर्धा दिवस चालायला हवा होता. मी मोठा पंप बसवायचं ठरवलं. तो यायला मे उजाडला. त्याच सुमारास आबांनी साहेबांकडे एक गोष्ट मागितली. त्यांची मोठी बहीण, अक्का, वसाहतीत त्यांच्याबरोबरच राहायची. पाणी इतकं खाली क्वचितच जातं, तर तिला एकदा कुंडावर नेऊ द्या. साहेब आधी नाही म्हणाले, बोटीवर बाहेरचं माणूस न्यायला परवानगी नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, मॅडम बरोबर असतील तर चालेल.

अक्का सकाळी आल्या. वाकलेल्या, हातात काठी, पण नजर तरतरीत. आल्या आल्या त्यांनी माझ्या ग्रीसच्या हातांकडे बघितलं आणि हे काम तू करतेस का विचारलं. मी हो म्हटल्यावर मान डोलावली. टेकडी जवळ आली तसं त्यांनी पदर नीट घेतला, जसा परक्या दारात जाताना घेतात.

नांगर टाकला, मी नव्या पंपाची जोडणी तपासून जनरेटर सुरू केला. अक्का म्हणाल्या, "ते बंद कर ना माय. काही आयकू येस नही."

मी बंद केला. पाणी बोटीच्या तळाला खालून लागत होतं, बुड बुड, थांबून थांबून. फायबरच्या पोटात तो आवाज मोठा वाटत होता. पायाखालची फळी ऊन होती. अक्कांनी मागच्या शिडीवर बसायला हात मागितला. मी त्यांना बसवलं आणि त्यांनी दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात सोडले. मग जे सांगायचं ते त्या पाण्याकडे बघतच सांगत गेल्या.

पाणी भरलं त्याच्या पहिल्याच हिवाळ्यात, त्या म्हणाल्या, पहाटे धरणावरून धूर निघायला लागला. बरोबर गाव होतं त्या जागी. नव्या वसाहतीतली माणसं काठावर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, गाव उठनं. पाण्याची वाफ होती ती, खालून ऊन पाणी आणि वरून थंडी. हे सगळ्यांना माहीत होतं, कुंडावर अशी वाफ लहानपणापासून पाहिलेली. तरी माणसं रोज जायची. हळूहळू ती वाफेत घरं ओळखायला लागली. ही अमक्याची चूल, ही तमक्याची. आज त्यांच्याकडे उशीर झाला, आज त्यांनी पेटवलीच नाही.

अक्कांचे वडील सगळ्यांत आधी जायचे. म्हातारे होते, काठी टेकत काठापर्यंत जायचे आणि ऊन चढल्यावर परत यायचे. सुनेने ताट वाढलं की हात धुवायचे नाहीत, काठावरूनच जेवून आल्यासारखे ताट सारायचे.

"म्हनेत, मी जेवी उनू," अक्का म्हणाल्या. "बठ्ठा हिवाळा घरमा घास खादा नही त्यासनी. आनि सुकना बी नहीत."

सगळा हिवाळा घरात घास न खाता माणूस वाळलाही नाही, हे ऐकून मी आबांकडे बघितलं. ते खाली मान घालून उपरण्याची गाठ चाचपत होते. साहेब दूर पडद्याशी होते, पण त्यांचे हात थांबले होते.

हिवाळा सरला, वाफ थांबली. मग वडील पुन्हा घरात जेवायला लागले, आणि पावसाळ्याच्या आत गेले. त्यानंतर काठावर जाणं लोकांनी सोडून दिलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

शेवटी साहेबांनी हळूच सांगितलं की मापाचं काम उरकायला हवं. अक्का म्हणाल्या, कर सुरू, माझी काही अडचण नाही. पण पाय बाहेर घेतले नाहीत. मी जनरेटर सुरू केला आणि काट्यासमोर बसले.

काटा चढला नाही. मला वाटलं नव्या पंपाचा गुण. मग मी कडेला जाऊन पाण्यात हात घातला. पाणी रोजच्यापेक्षा जास्त तापलेलं होतं, हात ठेववत नव्हता. जाळीचं झाकण तापलेलं, पंपाचं अंग तापलेलं, नळकांड्यात शिरणारा पाइप तापलेला. असं पाणी आत गेल्यावर मोठा पंप काय आणि छोटा काय, काटा चढायलाच हवा. तो काठाला असायचा तिथेच उभा होता. मी मीटरवर टिचकी मारून पाहिली. मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवला. मशीन खरंच निवांत होतं.

दुपारपर्यंत जनरेटर चालला. साहेबांना पडद्यावर हवी होती ती रेघ मिळाली, सरळ आणि जाड. ते खूश होऊन म्हणाले, मॅडम, पंपाने काम केलं. मी पुन्हा एकदा मशीनवर तळहात ठेवून पाहिला.

निघायच्या वेळी अक्कांना शिडीवरून वर घ्यायला मी खाली वाकले. त्यांचे पाय पाण्याबाहेर आले तेव्हा पुसायला म्हणून मी टॉवेल घेतला आणि त्यांची पावलं हातात धरली. थंडगार होती. पौषातल्या पहाटे विहिरीवरून आलेल्या माणसाची असतात तशी, बोटांची टोकं पांढरी पडलेली. मी तशीच धरून राहिले. अक्कांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सोड म्हणाल्या.

परत जाताना आबांनी उपरण्याची गाठ सोडली आणि इतक्या दिवसांचे दोरे पाण्यात सोडले. अक्कांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांचं तोंड काठाकडे होतं.

जूनमध्ये पाऊस आला, काम संपलं. बोट ट्रेलरवर चढवून कंपनीने दुसऱ्या जिल्ह्यात नेली. जायच्या आधी मी तिन्ही मशीनची नळकांडी शेवटची उघडून साफ करून दिली. जनरेटरच्या नळ्या आतून कोऱ्या होत्या. पांढरा थर कुठेच नव्हता.

हिवाळ्यात शिरपूरकडच्या एका जिनिंगचा जनरेटर बघायला गेले होते, तेव्हा येताना वसाहतीत थांबले. अक्कांनी भरीत आणि कळण्याची भाकरी केली. बोलता बोलता त्यांनी माझ्या वडिलांची चौकशी केली, वर्कशॉपची केली, नवी बोट आली का विचारलं. मग धरणाकडे हात करून म्हणाल्या, "थांब ना माय आज. सकायमा तुले दखाडसू."

मी म्हटलं, उद्या डाळ मिलमध्ये काम आहे, सकाळीच जायला लागेल. काम होतं, ते खोटं नव्हतं. त्यांनी आग्रह केला नाही. भाकरीचा एक तुकडा फडक्यात बांधून हातात दिला.

आबा व्हॅनपर्यंत आले. दार लावून घेताना ते म्हणाले, "बरं करं ताई. मी बी जास नही."

ऊन अजून टेकडीवर होतं. धरणाच्या कडेचा रस्ता मी जरा जोरातच पार केला, आणि चोपड्याला पोचले तेव्हा दुकानांचे दिवे नुकते लागत होते.